सात की आठ? इअरफोनच्या आवाजाला लगाम कोणी घालायचा?

संध्याकाळचे सहा वाजले आहेत. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनात कार्यालयांतून सुटलेला माणसांचा लोंढा शिरतो आहे. उत्तर, मेन आणि दक्षिण असे तीन विभाग, एकवीस फलाट आणि तऱ्हेतऱ्हेच्या दिशांना सुटणाऱ्या लोकल गाड्या. कोणाला राणाघाट गाठायचे आहे, कोणाला बनगाव, तर कोणाला सुंदरबनच्या तोंडाशी असलेले कॅनिंग. डोक्यावरचे ध्वनिक्षेपक बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत बोलत आहेत. मध्येच झालमुडीवाल्याची आरोळी, डोक्यावर बोचके घेतलेल्या हमालाचा "दादा, बाजूला!" असा इशारा आणि आत येणाऱ्या गाडीचा भोंगा.

घोषणा होते आणि शेकडो पावले एकदम वळतात. फलाट सातवा की आठवा? बंगालीत सातला 'सात'च म्हणतात आणि आठला 'आट'. दोन्ही शब्दांत फरक तो केवढा? सुरुवातीचा एक 'स' आणि शेवटच्या 'त'-'ट'मधला बारीकसा भेद. पण एवढा फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याला घोषणा ऐकू येऊनही काही समजत नाही. आवाज कानावर पडतो, शब्द मात्र हरवतो.

याच गर्दीत कितीतरी तरुण-तरुणी अशा आहेत, ज्यांच्या कानापर्यंत घोषणा पोहोचतच नाही. त्यांच्या कानांत इअरफोनची बोंडे घट्ट बसलेली आहेत. आज ते घोषणा ऐकत नाहीत, कारण त्यांना ऐकायची नाही. प्रश्न असा आहे, की आणखी वीस वर्षांनी ऐकायची इच्छा झाली, तर त्यांना 'सात' आणि 'आट' वेगवेगळे ऐकू येतील का?

गोंगाटावर गाण्याचा उतारा

गाणे खिशात घालून फिरण्याची चैन तशी फार जुनी नाही. १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीने पहिला वॉकमन बाजारात आणला. त्याची किंमत होती ३३,००० येन. त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडता येत आणि त्यावर एक नारिंगी बटणही होते. ते दाबले, की गाण्याचा आवाज खाली जाई आणि शेजारच्याचे बोलणे कानी पडे. माणूस गाण्यात अगदीच बुडून जाऊ नये, याची काळजी बनवणाऱ्यांनाही वाटली होती असे दिसते. पुढे ते बटण गेले. कॅसेटच्या जागी सीडी आली, २००१ मध्ये आयपॉड आला आणि शेवटी सगळेच मोबाईलमध्ये सामावले. नव्वद मिनिटांची कॅसेट संपली की कानाला आपोआप विश्रांती मिळत असे. आता गाणी संपतच नाहीत.

सियालदहच्या लोकलमध्ये तर इअरफोन विकणारा फेरीवालाच डब्यात येतो. पेन, कंगवे, लिंबाच्या गोळ्या यांच्याबरोबर तोही आपला माल हातात उंच धरून दाखवतो. घेणारा एकच गोष्ट पाहतो, आवाज मोठा येतो का? किती मोठा आवाज कानाला सोसेल, हे त्या पाकिटावर कुठे लिहिलेले नसते आणि विचारणाराही कोणी नसतो.

गंमत म्हणजे, इअरफोन लावणे हा आज शिष्टाचाराचा भाग झाला आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय रेल्वेने डब्यात मोठ्याने गाणी लावणाऱ्या आणि मोबाईलवर आरडाओरडा करणाऱ्या प्रवाशांना आवर घालण्याच्या सूचना दिल्या. मुंबईत बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाईलवर गाणी किंवा चित्रफिती लावण्यास मनाई केली. सहप्रवाशांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे आवाज नाहीसा झाला नाही. तो डब्यातून निघाला आणि एकट्याच्या कानात जाऊन बसला. दुसऱ्याचा कान वाचवणारा नियम आपल्याकडे आहे. ज्याच्या कानात गाणे वाजते आहे, त्याचा कान वाचवणार कोण?

कानाच्या आत काय घडते?

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिला कर्णावर्त म्हणतात. वाटाण्याएवढ्या जागेत मावणाऱ्या या नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरी आल्या, की वाऱ्याने भाताची रोपे डुलावीत तसे त्यांच्यावरचे सूक्ष्म केस डुलतात आणि त्या हालचालीचे विजेच्या संदेशात रूपांतर होऊन तो मेंदूकडे जातो.

वारा मंद असेल तर रोपे पुन्हा ताठ उभी राहतात. वादळ आले तर आडवी होतात. लग्नाच्या वरातीतून किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीतून घरी आल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटतात, आत 'कुंईऽ' असा आवाज घुमतो, तो याच आडव्या झालेल्या पेशींचा परिणाम. रात्रभराच्या विश्रांतीने बहुधा बरे वाटते. पण हे वारंवार घडत राहिले, तर काही पेशी कायमच्या मरतात. त्वचेच्या पेशी नव्याने येतात, मोडलेले हाड सांधते, पण माणसाच्या कानातली केसपेशी एकदा गेली की पुन्हा उगवत नाही. त्यावर आजवर औषध सापडलेले नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवून देते, हरवलेली पेशी परत देत नाही.

मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुतेक वेळा उंच पट्टीच्या ध्वनींवर, दर सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपास बसतो. म्हणजे हार्मोनियमचे खालचे सूर, ढोलाचा ठेका, गाडीची घरघर हे सारे पूर्वीसारखेच ऐकू येते. हरवतात ते 'स', 'श', 'फ', 'त' यांसारखे नाजूक व्यंजनध्वनी. त्यामुळे माणसाला आपल्याला कमी ऐकू येते असे वाटतच नाही. त्याला वाटते, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. आई हाक मारते ती कळते, पण ती काय म्हणाली ते कळत नाही. घरात "काय? काय म्हणालीस?" सुरू होते. टीव्हीचा आवाज एकेक घर वर चढतो. हे सारे इतक्या हळूहळू होते, की पहिली तक्रार बहुधा घरच्या माणसांकडूनच येते.

डेसिबलचे गणित

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप फसवे आहे. ८३ डेसिबल म्हणजे ८० पेक्षा जरासेच जास्त, असे वाटते. प्रत्यक्षात दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे कान तो आवाज जितका वेळ सहन करू शकेल, तो वेळ निम्म्यावर येतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१८ मध्ये सुरक्षित श्रवणाचे एक मानक तयार केले. त्यानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आता वरचा हिशेब लावून पाहा. ८३ डेसिबल असेल तर आठवड्याला २० तास, ८६ असेल तर १० तास आणि ८९ असेल तर फक्त ५ तास. ९८ डेसिबलला आठवड्याचा सगळा शिधा सुमारे ३८ मिनिटांत संपतो.

समजा, राणाघाटहून रोज सियालदहला कामाला येणारा एक तरुण आहे. अंतर सुमारे ७४ किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे जवळपास चार तास तो गाडीत असतो. उघड्या दारा-खिडक्यांच्या धावत्या लोकलमध्ये गोंगाट ८० डेसिबलपर्यंत सहज जातो. त्या गोंगाटावर गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू यायचे, तर गाणे त्याहून बरेच वर न्यावे लागते. तो आवाज ९० डेसिबलवर नेतो. त्याला तो मोठा वाटतही नाही, कारण भोवती गाडीचा खडखडाट आहे. चार तासांचा प्रवास संपवून सोमवारी रात्री तो घरी पोहोचतो, तेव्हा त्याच्या कानांचा आठवड्याचा शिधा संपलेला असतो. मंगळवार ते शनिवार तो कानांकडून उधारी करतो. ही उधारी फेडता येत नाही.

राणाघाटच्या जागी कर्जत, कसारा किंवा विरार लिहिले, तरी गणित तेच राहते.

परदेशांतले कायदे

यावर कायद्याने काही करता येते का? पहिला धीट प्रयोग फ्रान्सने केला. मे १९९६ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून खिशातल्या संगीतयंत्रांचा आवाज जास्तीत जास्त १०० डेसिबलवर रोखला. हा कायदा केवळ कागदावर राहिला नाही. २००२ मध्ये ॲपल कंपनीला आपला आयपॉड फ्रान्सच्या बाजारातून काही काळ मागे घ्यावा लागला. त्याचा आवाज कमी करणारी सुधारणा केल्यावरच तो परत दुकानांत आला.

युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने २००८ मध्ये एक इशारा दिला. जे लोक रोज तासाभराहून अधिक काळ मोठ्या आवाजात गाणी ऐकतात आणि हे निदान पाच वर्षे करत राहतात, त्यांच्यापैकी ५ ते १० टक्के लोकांना कायमचा बहिरेपणा येण्याचा धोका आहे, असे समितीचे म्हणणे होते. त्यानंतर २०१३ पासून युरोपात नवे मानक आले. यंत्राचा नेहमीचा आवाज ८५ डेसिबलवर ठेवलेला असतो. त्यापुढे जायचे तर ऐकणाऱ्याला पडद्यावरचा इशारा वाचून मुद्दाम होकार द्यावा लागतो. वीस तास ऐकून झाले, की इशारा पुन्हा येतो. १०० डेसिबलच्या पुढे मात्र होकार देऊनही जाता येत नाही.

अमेरिकेत वेगळी वाट निघाली. तिथे २००६ मध्ये ग्राहकांनी ॲपलवर दावा लावला, की आयपॉड कानांना धोकादायक आहे. त्याच वर्षी कंपनीने आवाजाची कमाल मर्यादा ठरवण्याची आणि आईवडिलांना ती सांकेतिक क्रमांकाने कुलूपबंद करण्याची सोय दिली. दावा मात्र टिकला नाही. २००९ च्या अखेरीस अपील न्यायालयाने तो फेटाळला. यंत्र धोकादायक पद्धतीने वापरायचे की नाही, हे वापरणाऱ्याच्या हातात आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

युरोपातला कायदा म्हणतो, माणूस चुकणार, म्हणून यंत्रालाच लगाम घाला. अमेरिकेतले न्यायालय म्हणते, लगाम माणसाच्या हातात आहे. भारतातल्या कुटुंबांना यांतला कोणता विचार पटेल?

माइकचा निकाल देणारे शहर

आवाजाच्या बाबतीत कोलकात्याचे देशावर एक ऋण आहे. १९९६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या कायद्याच्या थोडेच आधी, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घालणारा निकाल दिला. ध्वनिक्षेपकाला बंगालीत 'माइक' म्हणतात आणि तिथल्या पूजामंडपांत माइक हा जणू एक मानकरीच असतो. बोलण्याचे स्वातंत्र्य जसे माणसाला आहे, तसे न ऐकण्याचेही आहे, कोणालाही बळजबरीचा श्रोता करता येणार नाही, हे तत्त्व त्या निकालाने मांडले. पश्चिम बंगालमध्ये फटाक्यांच्या आवाजाला ९० डेसिबलची मर्यादाही पुढे अनेक वर्षे होती. देशातल्या इतर राज्यांहून ती कितीतरी कडक होती. २०२३ मध्ये ती वाढवून १२५ डेसिबल करण्यात आली.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालये-शाळांच्या भोवती त्याहून कमी, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हे सारे त्यांतलेच. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

पण हे नियम भोवतालच्या आवाजाचे आहेत. मंडपातल्या माइकला ते आवरू शकतात, कानाच्या पाळीआड वाजणाऱ्या बोंडाला नाही. तिथे बळजबरीचा श्रोता कोणी नसतो, श्रोता राजीखुशीने बसलेला असतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र लिहिले, त्यात हुकूम नव्हता, सल्ला होता. इअरफोनचा आवाज ५० डेसिबलच्या वर नेऊ नका, दिवसाला दोन तासांहून अधिक ऐकू नका आणि मधूनमधून कानांना विश्रांती द्या, असे त्याचे सार होते.

हा सल्ला चांगलाच आहे. पण पन्नास डेसिबल म्हणजे शांत खोलीतले हलके बोलणे. सियालदहहून सुटलेल्या लोकलमध्ये त्या आवाजातले गाणे मुळी ऐकूच येणार नाही. म्हणजे खरा अर्थ असा, की गोंगाटात गाणे ऐकूच नये. हे तरुणांना कोण पटवणार?

एका गायिकेने तसा प्रयत्न केला. जून २०२४ मध्ये अलका याज्ञिक यांनी आपल्याला विषाणूच्या संसर्गानंतर अचानक श्रवणदोष झाल्याचे जाहीर केले. त्यांचा आजार इअरफोनमुळे आलेला नव्हता. तरीही त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना आणि सहकाऱ्यांना मोठ्या आवाजातल्या संगीतापासून आणि हेडफोनपासून जपून राहण्याचा इशारा दिला. याच कोलकात्यात त्यांचा जन्म झाला आणि इथल्याच आकाशवाणीवर त्या लहानपणी गायल्या. ज्यांचे आयुष्य सुरांवर उभे आहे, त्यांनी हे सांगावे, याला वेगळे वजन आहे.

रूळ ओलांडताना

बहिरेपणा यायला वर्षे लागतात. दुसरा धोका एका क्षणाचा आहे. फलाटावरून पूल चढून जाण्याचा कंटाळा म्हणून रूळ ओलांडणारी माणसे सियालदहच्या उपनगरी मार्गांवरही दिसतात आणि मुंबईतही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रूळ ओलांडणाऱ्याच्या कानांत बोंडे असतील, तर भोंगा वाजूनही उपयोग नसतो. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात फाटक नसलेल्या ठिकाणी रेल्वेची धडक बसून शाळेच्या गाडीतली १३ मुले दगावली. चालकाच्या कानांत इअरफोन होते, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या मुलांच्या कानांत काहीच नव्हते.

घरात काय करता येईल?

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर काही गोष्टी घरातल्या घरात होऊ शकतात.

• बहुतेक स्मार्टफोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय असते. मुलाच्या हाती फोन देण्यापूर्वी ती लावावी. मुलाला त्यामागचे कारणही सांगावे, नुसता धाक दाखवू नये.

• आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि सलग साठ मिनिटांहून अधिक ऐकू नये, ही साठ-साठची खूण लक्षात ठेवायला सोपी आहे.

• हातभर अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला आणि ते ऐकू आले नाही, किंवा तुमचे गाणे शेजाऱ्याला ऐकू गेले, तर आवाज जास्त आहे असे समजावे.

• बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन घरात, विमानात किंवा गाडीत बसून वापरले, तर गाणे कमी आवाजात भागते. रस्त्यावर, फलाटाच्या कडेला आणि वाहन चालवताना मात्र ते कानांत असूच नयेत.

• कानांत सतत शिटी वाजणे, गर्दीत बोलणे न समजणे, टीव्हीचा आवाज वाढवावासा वाटणे, ही लक्षणे दिसली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. ही चाचणी दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच काम करते आणि तिचे पूर्वेकडचे केंद्र कोलकात्यात बनहुगळीला आहे.

• लहान मुलाला रडू नये म्हणून इअरफोन लावून देऊ नयेत. ते 'दुखते' असे सांगणार नाही.

शाळा त्याच रस्त्यावरची

सियालदह स्टेशनातून बाहेर पडून आचार्य प्रफुल्लचंद्र रस्त्याने उत्तरेकडे गेले, की एक जुनी शाळा लागते. १८९३ मध्ये स्थापन झालेली ही कलकत्त्याची मूकबधिर शाळा. तिच्या संस्थापकांपैकी यामिनीनाथ बॅनर्जी हे कर्णबधिर मुलांना शिकवण्याचे शास्त्र शिकण्यासाठी त्या काळात इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आले. ज्यांच्यासाठी आवाजाचे दार जन्मतःच बंद होते, अशा मुलांना शब्द मिळावेत म्हणून या माणसांनी केवढे कष्ट उपसले! गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत किती शिक्षकांनी ओठांच्या हालचालींतून, हातांच्या खुणांतून, गळ्यावर बोटे ठेवून एकेक अक्षर मुलांपर्यंत पोहोचवले असेल.

आणि त्याच रस्त्यावरून, त्याच स्टेशनाकडे, चांगले धडधाकट कान घेऊन निघालेली मुले ते कान हसत हसत खर्चून टाकत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ या वयातील १०० कोटींहून अधिक तरुणांना मोठ्या आवाजातल्या करमणुकीमुळे श्रवणदोषाचा धोका आहे. यांतला जवळजवळ प्रत्येक धोका टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी शस्त्रक्रिया नको, औषध नको. अंगठ्याने एक बटण दोन घरे खाली आणले तरी पुष्कळ झाले.

कायद्याने यंत्राला मर्यादा घालावी, कारखानदाराने ती पाळावी, पाकिटावर इशारा छापावा, हे सारे व्हायलाच हवे. फेरीवाल्याच्या हातातल्या स्वस्त इअरफोनलाही ते लागू व्हायला हवे. पण त्या अंगठ्यावर पोलीस बसवता येणार नाही. तिथे आईने, वडिलांनी, मोठ्या बहिणीनेच एकदा शेजारी बसून डेसिबलचा हिशेब मांडून दाखवायला हवा.

सियालदहला पुढची घोषणा होते आहे. कॉलेजातून घरी निघालेली एक मुलगी कानातले बोंड काढते, मान किंचित तिरकी करून ऐकते आणि आठव्या फलाटाकडे वळते. तिला 'आट' ऐकू आले आहे. ते तिला साठाव्या वर्षीही असेच ऐकू यावे.